सिनियर लिव्हिंगमधे घर घ्यायच्या आधी वर्षभर भाड्याने राहून बघावं का?

डोंबिवलीची_सुमा | १२ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघंच. मी ६६, हे ७२. डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहतो, १९८९ पासून, बिल्डिंगला लिफ्ट नाही. मागच्या वर्षी ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार पोरांनी वर आणलं आणि जिन्याच्या वळणावर खुर्चीचा पाय कडकन मोडला. पडले नाहीत, पण तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात ज्येष्ठांच्या संकुलाने घर केलंय. मुलगा मेलबर्नला, मुलगी बंगलोरला.

तळेगावजवळ एक प्रोजेक्ट बघून आलो. रुंद दरवाजे, बाथरूममधे दांडे, जेवणाचा हॉल, बाग, ब्रोशरमधे आजाऱ्यांसाठी शुश्रूषा खोली (ह्यांना तीच फार आवडली), सगळं छान. सेल्सच्या मुलाने ह्यांना दोनदा वाकून नमस्कार केला, चहाबरोबर खारी दिली, हे तिथेच विरघळले. वन बीएचके ६८ लाख. डोंबिवलीचं विकायचं, तिकडे घ्यायचं, वर थोडे उरतील असं ह्यांचं गणित.

माझं म्हणणं, त्याच संकुलाच्या जुन्या फेजमधे १७ हजार भाड्याने तसाच फ्लॅट मिळतोय, वर्षभर राहू, जमलं तर घेऊ. हे म्हणतात भाडं म्हणजे पैसे पाण्यात आणि ह्या वयात ट्रायल कसली घ्यायची. दोन आठवडे घरात हाच विषय. मुलाला विचारलं तर म्हणाला तुम्ही दोघं ठरवाल ते, म्हणजे मला मधे घेऊ नका.

कोणी असं आधी भाड्याने राहून मग घेतलंय का? किंवा न राहता घेऊन पस्तावलंय का?

फणसपोळी | १२ फेब्रुवारी

ताई, नॉनव्हेज चालतं का तिथे ते आधी विचारा. बाकी सगळं नंतर.

तिरसट_तात्या | १२ फेब्रुवारी

पस्तीस वर्षं एका बिल्डिंगमधे काढलीत, शेजारी रात्री दोनला हाक मारली तर येतात, ते सोडून अनोळखी म्हाताऱ्यांच्यात जाऊन राहायचं आणि वर त्याचे ६८ लाख द्यायचे. वृद्धाश्रमाला बाग केली आणि जिम टाकली की सिनियर लिव्हिंग होतं. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

आकडेमोड | १२ फेब्रुवारी

तात्यांना बाजूला ठेवून काकांच्या "पैसे पाण्यात" बद्दल बोलतो.

६८ लाखाच्या घराला स्टॅम्प ड्युटी काकूंच्या नावावर सवलत धरून ६ टक्के धरली तर ४ लाख ८ हजार. रजिस्ट्रेशन फी एक टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, म्हणजे तीही पूर्ण लागणार. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेत असाल आणि ओसी (राहायला परवानगीचा दाखला) आलेली नसेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे अजून ३ लाख ४० हजार. ह्यातला एक रुपयाही घर विकताना परत येत नाही.

१७ हजार भाडं म्हणजे वर्षाचे २ लाख ४ हजार. म्हणजे नुसत्या स्टॅम्प ड्युटीत दोन वर्षांचं भाडं निघतं, अगदी रुपयाला रुपया. पाण्यात कुठले पैसे जास्त जातात ते काकांनीच सांगावं.

अजून एक. सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममधे प्रत्येकी ३० लाख ठेवता येतात, सध्या ८.२ टक्के, म्हणजे एका खात्याचे तिमाहीला ६१,५०० येतात. त्यातून भाडं निघून वर जेवणाला हातभार.

डोंबिवलीची_सुमा | १२ फेब्रुवारी

आकडेमोड, हे वाचून दाखवलं. हे म्हणाले "त्याला विचार दर वर्षी भाडं वाढतं ते धरलं का". :)

आकडेमोड | १२ फेब्रुवारी

नाही धरलं. काका हुशार आहेत.

पारिजात_५६ | १३ फेब्रुवारी

सुमाताई, आम्ही ह्यातून गेलोय म्हणून लांबलचक लिहितेय.

माझ्या आईसाठी आम्ही तिघा भावंडांनी मिळून असं घर घेतलं, राहून वगैरे काही न बघता, कारण बाबा गेले आणि आई एकटी पडली आणि आम्हाला सगळ्यांना लवकर काहीतरी करायचं होतं. आई तिथे चौदा महिने राहिली. खरं सांगायचं तर सुखात राहिली, भजनी मंडळात होती, तिने तिथे पहिल्यांदा कॅरम हातात धरला. मग गेली. आणि मग आम्हाला कळलं की आपण काय घेतलंय. संकुलाचा नियम, राहणारा किमान ५५ वर्षांचा पाहिजे. आम्ही तिघंही तेव्हा चाळिशीत, म्हणजे मालक आम्ही पण राहू शकत नाही. विकायचं तर घेणारा ज्येष्ठच लागणार, आणि ज्येष्ठांना त्याच बिल्डरची शेजारची नवी फेज दिसते, चकचकीत, ते आमचं जुनं कशाला घेतील. तीन वर्षं फ्लॅट बंद होता. कुलूप लावलेल्या घराचा मेंटेनन्स, त्यात डॉक्टर ऑन कॉलचे पैसे, अँब्युलन्सचे पैसे, सगळं भरत होतो. शेवटी घेतलेल्या किमतीपेक्षा कमीत गेला आणि धाकटा भाऊ अजून त्यावरून टोमणे मारतो.

तेव्हा माझं मत विचाराल तर भाड्याने राहा. वर्षभर बघून मग घ्या असंही नाही म्हणणार, भाड्यानेच राहा.

रानजाई | १३ फेब्रुवारी

पारिजातताईंचं पटलं पण दुसरी बाजू पण आहे. माझ्या सासूबाई ७९ च्या, विसरायचा आजार सुरू झालेला. आम्ही शहाणपणा करून आधी भाड्याने घेतलं, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. त्यांना बाथरूम कुठे, खिडकी कुठे हे अंगवळणी पडायला पाच सहा महिने गेले, मग कुठे रात्री स्वतः उठून जाऊन यायला लागल्या. दहाव्या महिन्यात मालकाच्या मुलाचा अमेरिकेहून फोन, फ्लॅट विकतोय, रिन्यू करणार नाही. दुसरा फ्लॅट त्याच संकुलात मिळाला पण आरशासारखा उलटा, म्हणजे इथे बाथरूम डावीकडे होतं ते तिथे उजवीकडे. त्या रात्री उठून भिंतीवर जाऊन थांबायच्या. डावीकडे वळायच्या आणि भिंत. मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं.

लिव्ह अँड लायसन्समधे मुदत संपली की निघायलाच लागतं, नाही निघालात तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मालक दुप्पट भाडं मागू शकतो. म्हातारं माणूस आहे वगैरे तिथे चालत नाही.

निवृत्त_निवांत | १३ फेब्रुवारी

रानजाई, म्हणून अकरा महिन्यांचं करूच नये. अकरा महिने ही नुसती सवय आहे, महाराष्ट्रात अकरा महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करावंच लागतं, मग ३६ महिन्यांचं करा आणि लॉक इन मालकावर घाला, म्हणजे तो काढू शकणार नाही आणि तुम्ही एक महिन्याच्या नोटीशीवर निघू शकता. बरेच मालक तयार होतात कारण त्यांना तरी दुसरा साठीच्या पुढचा भाडेकरू कुठे सापडतोय.

सुमाताई, तुम्ही अ‍ॅग्रीमेंट कराल तेव्हा काकांच्या बोटांकडे लक्ष द्या. हसू नका. घरी लॅपटॉप आणि ते लाल दिव्याचं मशीन घेऊन एजंट येतो, आधारला अंगठा जुळला पाहिजे. माझा जुळेचना. गरम पाण्याने हात धुतले, व्हॅसलीन लावलं, डाव्या हाताची पाचही बोटं झाली, पाऊण तास. शेवटी उजव्या हाताचं मधलं बोट लागलं. आयुष्यभर कागद उलटले त्याचं फळ.

चिंगी७ | १३ फेब्रुवारी

मधलं बोट =))

मीठभाकर | १४ फेब्रुवारी

आम्ही कोइंबतूरला चार महिने भाड्याने राहून परत आलो, पुण्याचेच आहोत. तिकडे अशी संकुलं खूप, हवा चांगली, दवाखाने चांगले, आणि कर्मचारी इतके शिस्तीचे की सकाळी सहाला फिल्टर कॉफी दारात. मिस्टरांना फार आवडलं. मला पहिला महिना आवडलं.

अडचण जेवणाची आणि बोलण्याची. जेवण वाईट नव्हतं, पण सकाळी सांबार दुपारी सांबार रस्सम संध्याकाळी चपाती, ती पण मैद्याला भाऊ म्हणेल अशी. एकदा मी स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला खुणा करून पिठलं शिकवायला लागले, बेसन कालवलं, फोडणी घातली, तो बघत राहिला आणि मग हसून म्हणाला बॉम्बे चटणी! त्यांच्याकडे तोच पदार्थ, पुरीबरोबर खातात. दर गुरुवारी व्हायला लागलं. मी मात्र भाकरीबरोबर खायला तरसले. आणि संध्याकाळी बाकावर सगळ्या तमिळमधे हसायच्या, माझ्यासाठी थांबून इंग्रजीत सांगायच्या, तोपर्यंत विनोद मेलेला असायचा.

विकत घेतलं असतं तर मी तक्रार न करता राहिले असते बहुतेक, आणि कुढत राहिले असते. भाड्याचं होतं म्हणून तोंड उघडता आलं.

फणसपोळी | १४ फेब्रुवारी

माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच देत नाहीये. बोंबील चालतात की नाही?

निवृत्त_निवांत | १४ फेब्रुवारी

फणसपोळी, आमच्याकडे डायनिंग हॉल शाकाहारी, घरात करा काय करायचं ते. पण आमच्या मजल्यावर एकदा सुके बोंबील भाजले गेले तेव्हा कमिटीची मीटिंग झाली. :)

फणसपोळी | १४ फेब्रुवारी

मग मी काही येत नाही.

तिरसट_तात्या | १४ फेब्रुवारी

बघा. बोंबलाला मीटिंग. आमच्या बिल्डिंगमधे वास आला की लोक ताट घेऊन येतात.

जर्सीकर | १५ फेब्रुवारी

इकडचं थोडं सांगतो. अमेरिकेत ५५ प्लस वसाहती जुन्या आहेत, अ‍ॅरिझोनातलं सन सिटी १९६० सालचं. १९९५ च्या कायद्याप्रमाणे ८० टक्के घरात किमान एक माणूस ५५ च्या वरचा असला की ती वसाहत वयाची अट ठेवू शकते, त्यामुळे पारिजात ह्यांच्यासारखी वारसांची अडचण इकडेही येते पण उरलेल्या २० टक्क्यांत कधीकधी जागा निघते. आमचे एक मित्र जानेवारीत फ्लोरिडाला आठ दिवस राहिले, संत्र्याची झाडं बघितली आणि घर घेऊन टाकलं. मग ऑगस्ट आला. घाम, डास, आणि वादळाची सूचना आली की खिडक्यांना फळ्या ठोका. इकडे आता शहाणे लोक आधी उन्हाळ्यात भाड्याने राहतात. तुमच्याकडे काय वाईट असतं ते बघून तेव्हा जा.

आबा_तळेगाव | १५ फेब्रुवारी

जर्सीकर एकदम बरोबर बोलले. ताई, मी तळेगावातच राहतो, संकुलात नाही, गावात. फेब्रुवारीत बघून आलात म्हणजे काहीच बघितलं नाहीत. आत्ता इथे स्वर्ग आहे. तुम्ही जून ते सप्टेंबर राहा. घाटमाथा जवळ, पाऊस आडवा येतो, कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, लाकडी कपाटाच्या मागे बुरशी, आणि लाईट गेली की लिफ्टचा जनरेटर लागतो का आणि किती वेळात लागतो ते तेव्हाच कळतं. गुडघेदुखीवाल्याने तर पावसाळ्यातच बघावं.

अजून एक, संध्याकाळी गावात जायला रिक्षावाला संकुलापर्यंत येतो का. जाताना येतो, परत येताना नाही म्हणतो कारण रिकामं परतावं लागतं.

चिंगी७ | १५ फेब्रुवारी

आबा तुम्ही ब्रोकर असता तर एकही घर विकलं नसतं.

आकडेमोड | १५ फेब्रुवारी

एक महत्त्वाचं राहिलं. सुमाकाकू, डोंबिवलीचं घर आधी विकून मग भाड्याने जाऊ असं कोणी सुचवलं तर सावध राहा. घर विकलं की नफ्यावरचा कर वाचवायला आयकराच्या कलम ५४ खाली दोन वर्षांत दुसरं घर घ्यावं लागतं, बांधत असाल तर तीन. म्हणजे ट्रायल म्हणून भाड्याने गेलात आणि मागे घड्याळ टिकटिकतंय. शिवाय रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतवले नसतील तर ते बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावे लागतात, साध्या एफडीत नाही. दुसरा रस्ता ५४ईसी चे बाँड, विकल्यापासून सहा महिन्यांत, ५० लाखांपर्यंत, पाच वर्षं अडकतात.

तुमचं १९८९ चं आहे म्हणजे १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येईल, त्याचं व्हॅल्युएशन करून घ्या, आणि जुलै २०२४ च्या आधीचं असल्याने साडेबारा टक्के की इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) घेऊन वीस टक्के, दोन्हीत कमी पडेल ते. पण मुद्दा हा की ट्रायल घ्यायची तर जुनं घर हातात ठेवून. नाहीतर ती ट्रायल नाही, परतीचं तिकीट नसलेला प्रवास आहे.

पिंपळपान | १६ फेब्रुवारी

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट निघालं. बिल्डर ३६ महिन्यांचं भाडं देणार होता. सगळे शेजारी त्याच गल्लीत दुप्पट भाड्याने घरं शोधत धावत होते, आम्ही दोघं सरळ पुण्याला एका ज्येष्ठांच्या संकुलात जाऊन राहिलो. भाडं बिल्डर भरतोय, वर थोडं उरतंय, जेवायला हॉल. तीन वर्षांची ट्रायल फुकट. मग मुलुंडला नवीन घर मिळालं, लिफ्टसकट, आणि परत आलो. कारण लिफ्ट नाही हाच तर आमचा प्रॉब्लेम होता! ते संकुल वाईट नव्हतं. पण तिकडे कळलं की आम्हाला सिनियर लिव्हिंग नको होतं, लिफ्ट पाहिजे होती.

सुमाताई, १९८९ ची बिल्डिंग आहे तुमची. तुमच्या सोसायटीत विषय निघालाय का?

डोंबिवलीची_सुमा | १६ फेब्रुवारी

पिंपळपान, विषय २०१६ पासून निघालाय. दर वार्षिक सभेत निघतो, तळमजल्याचा दुकानवाला उठून जातो, विषय संपतो.

रानजाई | १६ फेब्रुवारी

एक सुचवू का? भाड्याने राहायला गेलात तर पहिल्याच आठवड्यात रात्री अडीचला बाथरूममधली इमर्जन्सीची दोरी ओढून बघा. दिवसा नाही, रात्रीच. सेल्सवाला दुपारी बाराला ओढून दाखवतो तेव्हा चौघं धावत येतात.

तिरसट_तात्या | १६ फेब्रुवारी

हे मात्र बेस्ट. मान्य.

निवृत्त_निवांत | १७ फेब्रुवारी

मी गेली सहा वर्षं अशा संकुलात मालक म्हणून राहतोय, आधी दोन वर्षं तिथेच भाडेकरू होतो, तेव्हा दोन्ही बाजू सांगू शकतो.

भाडेकरू असताना तुम्हाला इमारत कळते, जेवण कळतं, मॅनेजर कसा आहे ते कळतं. माणसं कळत नाहीत. कारण तुम्ही "ते भाड्याचे" असता. वार्षिक सभेत मत नाही, गणपतीच्या वर्गणीत नाव शेवटी. आमच्या हॉलमधे कोणाची खुर्ची कुठली ते कुठेही लिहिलेलं नाही पण ठरलेलं आहे, पहिल्या दिवशी मी खिडकीजवळ बसलो तर एक आजी ताट घेऊन शेजारी उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या. मी उठलो. घर घेतल्याचं कळलं त्या आठवड्यात त्याच आजींनी घरचं लिंबाचं लोणचं आणून दिलं. म्हणजे दोन वर्षं माझीच ट्रायल चालू होती.

आणि हे पण खरं की दोघं धडधाकट असताना वर्षभर राहून तुम्ही चुकीच्या गोष्टीची परीक्षा घेता. खरा प्रश्न दोघातलं एक गेल्यावर किंवा अंथरुणाला खिळल्यावर येतो. तेव्हा संकुल म्हणतं का की आमच्याकडे फक्त स्वतःचं स्वतः करणाऱ्यांना ठेवतो, तुम्ही दुसरीकडे बघा? हे बऱ्याच ठिकाणी कागदात लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. तो कागद भाड्याने राहून दिसत नाही, मागून घ्यावा लागतो. भाताची परीक्षा शितावरून होते, पण उद्या भरवणार कोण ते शितावरून नाही कळत.

मीठभाकर | १७ फेब्रुवारी

शेवटच्या वाक्याला दंडवत.

आकडेमोड | १७ फेब्रुवारी

निवांत ह्यांच्या कागदावरून आठवलं. महारेराने (बिल्डरांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०२४ मधे निवृत्तांच्या प्रकल्पांसाठी किमान गोष्टी ठरवून दिल्यात, एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट, ९०० मिलिमीटरचे दरवाजे, न घसरणाऱ्या फरशा, आधाराचे दांडे वगैरे. नवीन फेजला करारात हे मागा. पण ते बांधकामाबद्दल आहे. नर्स किती, रात्री कोण, आचारी सोडून गेला तर काय, हे सेवेच्या वेगळ्या करारात असतं आणि तो मोडला तर भांडायचं कोणाशी हे आधी बघा. आणि मेंटेनन्स महिन्याला साडेसात हजाराच्या वर गेला तर मोठ्या सोसायटीत १८ टक्के जीएसटी बसतो, ते ब्रोशरमधे छोट्या अक्षरात असतं.

डोंबिवलीची_सुमा | २० फेब्रुवारी

सगळ्यांचे आभार. ह्यांनी पूर्ण धागा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले "जूनपासून घेऊ भाड्याने, पण तुझ्या त्या आबांना सांग पाऊस मला माहिती आहे, मी महाडचा आहे".

आबा_तळेगाव | २० फेब्रुवारी

महाडचे असतील तर पास.

चिंगी७ | ४ जुलै

सुमाताई कुठे आहात? वाचनखूण साठवून बसलेय.

फणसपोळी | ५ जुलै

+१

डोंबिवलीची_सुमा | ९ ऑक्टोबर २०२५

धागा वर काढतेय. उशीराबद्दल सॉरी, इथे रेंज फक्त गच्चीत येते आणि पावसात गच्चीत कोण जाणार.

१४ जूनला आलो. ३६ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, लॉक इन मालकावर, निवांतभाऊंना धन्यवाद. डोंबिवलीचं विकलं नाही, दोन नोकरी करणाऱ्या मुलींना भाड्याने दिलं, त्या दुसरा मजला दोन उड्यांत चढतात. अंगठा ह्यांचा पहिल्या फटक्यात लागला, माझा नाही! माझ्या एजंटनेही व्हॅसलीनच सांगितलं.

आता दोरीचं. पहिल्या रात्री बाथरूममधे गेले तर दोरी दिसेचना. बघते तर टॉवेलच्या दांडीवर वरच्या वर गुंडाळून गाठ मारलेली, माझ्या डोक्याच्या उंचीला. म्हणजे पडलेल्या माणसाने आधी उभं राहायचं, गाठ सोडायची आणि मग मदत मागायची. सकाळी सफाईवाल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या अहो लादी पुसताना मॉपमधे अडकते, सगळ्यांच्याच बांधून ठेवते. सगळ्यांच्याच! गाठ सोडून रात्री अडीचला ओढली. अकरा मिनिटं. आधी वॉचमन आला, मग नर्स आली शेजारच्या बिल्डिंगमधून, छत्री घेऊन, भिजलेली, बिचारी घाबरलेली. खोटं बोलायला जीभ रेटेना, सांगितलं बाई, बघत होते. तिने माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या दिवशी तिला शिरा करून दिला. तिच्याकडून कळलं की दोन बिल्डिंग मिळून रात्री ती एकटीच.

आणि ब्रोशरमधे नवीन फेजसाठी दाखवलेली ती शुश्रूषा खोली आठवतेय, जिच्यावर हे भाळले होते? तसलीच ह्या जुन्या फेजच्या ब्रोशरमधेही होती. इथल्या एका काकांनी जपून ठेवलंय ते, प्लास्टिकच्या पिशवीत. ती खोली आहे, कुलूप आहे, आत बागेच्या खुर्च्या आणि गणपतीचं मखर. हे स्वतः खिडकीतून डोकावून आले आणि दोन दिवस गप्प होते. नवीन फेजचं बुकिंग केलं नाही.

पण वाईटच आहे असं नाही हं. ह्यांना कॅरमचे तीन पार्टनर मिळालेत, गुडघा सुधारलाय कारण चढउतार नाही, संध्याकाळी सव्वासातला जेवून मोकळे. त्रास मलाच झाला. स्वयंपाक नाही, बाजार नाही, दुपारी काय करू कळेना. डोंबिवलीला असताना चार वाजता भाजीवाला ओरडायचा तेव्हा मी वैतागायचे. आता हॉलच्या आचाऱ्याबरोबर रोज भाजी निवडायला बसते, मॅनेजर आधी नको म्हणाला, आता तोच मेथी आली की निरोप पाठवतो.

आबा, बुरशी आली. कपाटाच्या मागे, तुम्ही म्हणालात तिथेच.

आबा_तळेगाव | ९ ऑक्टोबर

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि दिवाळीत या जेवायला, गावात. परतीच्या रिक्षाचं मी बघतो.

पारिजात_५६ | ९ ऑक्टोबर

मग आता काय ठरलंय ताई? घेणार की भाड्यानेच?

डोंबिवलीची_सुमा | १० ऑक्टोबर

हे म्हणतात भाड्यानेच बरंय, नर्स दुसरी ठेवेपर्यंत एक रुपया द्यायचा नाही. कमिटीला पत्र पण लिहिलंय, मत नसलं तरी पत्र लिहिता येतं म्हणाले, बावीस मालकांच्या सह्या घेतल्यात. निवांतभाऊ, तुमच्या त्या लोणच्यासारखं आम्हाला अजून काही आलेलं नाही, पण सह्या घ्यायला गेले तेव्हा सोळा ठिकाणी चहा झाला.

माझं म्हणाल तर एखादा जुना रीसेल फ्लॅट, तळमजल्यावर, मिळाला तर घ्यावासा वाटायला लागलाय. मीच भाडं भाडं करत होते आणि आता मीच. पारिजातताईंची गोष्ट डोक्यात आहे म्हणून गप्प आहे.

फणसपोळी | १० ऑक्टोबर

बोंबील??

डोंबिवलीची_सुमा | १० ऑक्टोबर

हॉलमधे नाही. पण तळमजल्यावरच्या एक काकू रविवारी मागचं दार उघडं ठेवून करतात. मला वासावरून कळलं. मी ताट घेऊन गेले.

तिरसट_तात्या | १० ऑक्टोबर

वा! बरं त्या दोरीची गाठ तशीच आहे की सोडलीत?

डोंबिवलीची_सुमा | ११ ऑक्टोबर

सोडली. बाई सकाळी परत बांधतात. मी रात्री परत सोडते.